किल्ली एक की दोन

आत्या : म्हणजे ही पेटी उघडणार नाही?

कुलूपवाला : उघडणार नाही असं कुठं म्हटलं, काकू? आत काय आहे ते आधी सांगा, एवढंच म्हटलं.

आत्या : अहो, किल्ली हरवलीय. कुलूपवाल्याकडे माणूस आणखी कशाला येतो? हवा खायला?

कुलूपवाला : किल्ली हरवते. आत काय ठेवलंय ते विसरत नाही माणूस. एक वस्तू सांगा. मी उघडतो. तीच निघाली तर पेटी तुमची. दुकानाची रीत आहे ही, वडिलांपासूनची.

आत्या : वडिलांपासूनची! असतात का वडील दुकानात?

कुलूपवाला : वरच्या खोलीत. गुडघे धरलेत, जिना उतरत नाहीत.

आत्या : नुसते गुडघेच ना? साखर वगैरे? घरात आणखी कुणाला?

कुलूपवाला : पेटीत काय आहे, काकू?

आत्या : कपडे.

कुलूपवाला : कपडे सगळ्यांच्याच पेटीत असतात. कोणते?

आत्या : अंगात घालायचे! आधी पोलिसात होता का हो तुम्ही?

कुलूपवाला : तुम्ही पेटी एका हातानं आणलीत. कपड्यांनी भरलेली पत्र्याची पेटी एका हातानं येत नाही.

आत्या : डोळा भलताच बारीक आहे तुमचा. ज्याला कुठलंही कुलूप उघडता येतं त्याचा डोळाही बारीक असला, की माणसानं चार हात लांबच राहावं. खरं सांगा, लोकांच्या किल्ल्यांची जोडी ठेवून घेत असाल ना गुपचूप?

कुलूपवाला : किल्लीचा साचा गिऱ्हाइकासमोरच मोडतो. ती टोपली बघा. सगळे मोडलेले आहेत.

आत्या : मोडलेले टोपलीत दिसतात. न मोडलेले टोपलीत कोण ठेवेल?

कुलूपवाला : ते मला दाखवून देता येणार नाही.

आत्या : नाही ना?

कुलूपवाला : नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवायचा. नाहीतर चौकाच्या पलीकडे दुसरं दुकान आहे. तो काही विचारत नाही, बसल्याबसल्या उघडून देतो.

आत्या : बरं बाई, खरं सांगते. पेटी माझी नाहीच. शेजारणीची आहे. तिला बाहेर पडवत नाही, म्हणून मला पाठवलं.

कुलूपवाला : मग तर मुळीच नाही. त्यांना रिक्षानं घेऊन या. मी खुर्ची बाहेर आणून ठेवतो.

आत्या : एवढा ताठा? आणि उद्या तुमच्या बायकोची पेटी घरात असली आणि तुमच्याच मनात आलं उघडायचं, तर? तेव्हा कोण विचारणार, आत काय आहे म्हणून?

कुलूपवाला : बायको नाही अजून.

आत्या : होईल की. ठरलंच असेल कुठंतरी, या वयात. थांबा, फोन वाजतोय. हॅलो? हो गं, मीच. नाही, घरी नाही, दातांच्या डॉक्टरकडे आलेय. डावी दाढ. कालपासून ठणकतेय. आवाज ना? मशीनचा आहे, कुणाचा तरी दात घासतायत. तू वेळेवर जेवून घे, मीटिंगा काय रोजच्याच आहेत. ठेवते. ...असे काय बघताय? घासा तुमची किल्ली.

कुलूपवाला : पाणी देऊ, आत्या?

आत्या : नको. काय म्हणालात?

कुलूपवाला : पाणी देऊ का म्हटलं.

आत्या : त्याच्यापुढचं.

कुलूपवाला : आत्या.

आत्या : अस्सं! भाचीनं फोटो दाखवलाय तर माझा. म्हणजे मघापासून चाललंय ते सगळं नाटक! साचे मोडतो काय, शेजारणीला आणा काय! मी कसा धुतल्या तांदळासारखा, हे दाखवायला!

कुलूपवाला : फोटो नाही दाखवला. आल्या आल्या तुम्ही विचारलंत, दुकान स्वतःचं की भाड्याचं. मग भावंडं किती. मग वडिलांची साखर. कुलूप उघडायला आलेलं माणूस कुलपाबद्दल विचारतं.

आत्या : मला वाटलं, मी बेताबेतानं विचारतेय.

कुलूपवाला : साखरेपर्यंत मलाही खात्री नव्हती.

आत्या : तरी नाटक ते नाटकच. ओळखलंत आणि सोंग घेऊन बसलात.

कुलूपवाला : सोंगच घ्यायचं असतं तर पेटी केव्हाच उघडून दिली असती. होणाऱ्या आतेसासूचं काम कोण अडवून धरेल?

आत्या : हं. उत्तर तयारच असतं तुझं. आता अरे-तुरेच करते, लहान आहेस वयानं.

कुलूपवाला : करा की.

आत्या : लाडात यायचं कारण नाही. अजून काही ठरलेलं नाही. माझा भाऊ माझ्या शब्दाबाहेर नाही. मी नाही म्हटलं तर तो नाहीच म्हणणार. आणि त्या कार्टीनं मला दम भरलाय, "आत्या, चौकश्या करत फिरलीस तर आम्ही दोघं सह्या करून मोकळे होऊ, तुला फोटो पाठवीन." म्हणजे मी गप्प बसले तर पोरीचं काय होईल याची धास्ती, आणि बोलले तर पोरच हातची जायची.

कुलूपवाला : म्हणून दाढ ठणकतेय.

आत्या : हस, हस. आईविना पोर ती, माझ्या मांडीवर वाढलीय. आमच्याकडे मुलीच्या घरची वडीलधारी बाई एकदा अनोळखी होऊन जाते आणि मुलाला त्याच्या कामावर बघून येते. घरी बोलावला की कुठलाही मुलगा शहाण्यासारखाच बसतो. बशीत सांडलेलं रुमालानं पुसतो. गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, ते खरं. माझ्या वेळी कुणी गेलं नाही. स्थळ मोठं होतं ना! मोठ्या स्थळाची चौकशी करायची म्हणजे त्यांचा अपमान.

कुलूपवाला : आणि ही पेटी?

आत्या : ती दुसरी रीत. मुलगी सासरी निघाली की आई पेटी भरून देते. काय भरलं ते मुलीलाही सांगत नाही. तिनं तिथं जाऊन एकटीनं उघडायची. किल्ली तिच्याकडे. आत काय आहे हे कुणी विचारायचं नाही, नवऱ्यानंसुद्धा नाही. तुझ्या हिला नकोय. म्हणते, "माझं कपाट आहे, बँकेत लॉकर आहे, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन कुठं नाचू?"

कुलूपवाला : म्हणजे पेटी शेजारणीची नाही.

आत्या : माझी आहे.

कुलूपवाला : मग सांगा ना. आत काय आहे?

आत्या : मला माहीत असतं तर! पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे दे, तू वेंधळी, कुठंतरी टाकशील." दिली. नव्या नवरीनं काय बोलायचं? नंतर मागितली तर "घाई कसली आहे?" पुढं त्या गेल्या, किल्लीही गेली. हे म्हणायचे, "असतील जुन्यापान्या चिंध्या, सोडून दे." आता हेही नाहीत.

कुलूपवाला : तुम्ही फोडली का नाही?

आत्या : भीती वाटली. झाडताना एकदा उचलली, तर हाताला वजनच लागेना. आईनं भरून दिलेली पेटी अशी कशी हलकी? तेव्हाच मनात पाल चुकचुकली. सासूनं माझ्या माघारी उघडली, हवं ते काढून घेतलं. त्या दिवसापासून तिला सासूबाई म्हणाले ते फक्त तोंडानं. तिच्या अंगावर नवं काही दिसलं की वाटायचं, माझ्याच पेटीतलं.

कुलूपवाला : जरा तेल सोडतो. भोकावरची ही झाकणी गंजून बसलीय. सरकेल. हं, सरकली. आत्या, चष्मा आहे का?

आत्या : का? काय दिसलं?

कुलूपवाला : किल्लीच्या भोकात मेण भरलंय. पिवळं पडलंय. वर अंगठा दाबलाय कुणीतरी, रेषा दिसतात बघा.

आत्या : आईचा. ती बरण्यांची तोंडंसुद्धा अशीच बंद करायची, मेण लावून वर अंगठा. अगं आई गं.

कुलूपवाला : मग त्यानंतर या भोकात किल्ली गेलेली नाही.

आत्या : मागून उघडली असेल. बिजागऱ्या काढून. तुम्हा लोकांना येतं ते, असेल तिच्या ओळखीतला कुणी.

कुलूपवाला : बिजागऱ्यांवर पेटीचाच रंग आहे. जुना, अखंड. उघडली असती तर तडकला असता.

आत्या : खात्री देतोस?

कुलूपवाला : पेटीची देतो. माणसांची देत नाही.

आत्या : म्हणजे तिनं उघडलीच नाही.

कुलूपवाला : नाही.

आत्या : मग किल्ली घेतली कशाला?

कुलूपवाला : ते पेटीवरून कळत नाही, आत्या.

आत्या : चोरी केली नाही, मान्य. उगाच घेत होते मी संशय. पण म्हणून काही उपकार नाही केले तिनं. माझी किल्ली तिच्या कमरेला वाजायची आणि मी चुलीपाशी बसून ऐकायचे. तेवढं पुरे नाही का?

कुलूपवाला : पुरे आहे.

आत्या : उघड आता. पण मेणाला हात लावू नकोस.

कुलूपवाला : मागून उघडतो. रंग तडकेल, पण नंतर नीट करून देईन. एक सळई निघाली. ही दुसरी. झालं, झाकण मागच्या बाजूनं वर घ्या. मी तिकडे तोंड करून उभा राहतो.

आत्या : ते कशाला?

कुलूपवाला : एकटीनं उघडायची म्हणालात ना.

(झाकण कुरकुरतं. आत्या आत हात घालून तळापर्यंत चाचपते.)

आत्या : झोपलास का रे उभ्या उभ्या?

कुलूपवाला : नाही.

आत्या : मग विचार की, काय निघालं!

कुलूपवाला : विचारायचं नसतं.

आत्या : आणि मघाशी माझा जीव खाल्लास तो?

कुलूपवाला : मघाशी पेटी कुणाची ते ठरायचं होतं. मेणावरचा अंगठा तुम्ही ओळखलात, तिथं ठरलं.

आत्या : मग मीच सांगते, मला सांगायचंय. वळ इकडे. चादर निघाली. आईची, अंथरुणावरची, तळाशी घडी करून ठेवलेली. बाकी काही नाही. अरे, द्यायला काही नव्हतंच तिच्याकडे. आणि रिकामी पेटी वाजते. सासरी चारचौघांत वाजू नये म्हणून अंथरुणातली चादर काढून घातली तिनं, आणि वरून मेण, म्हणजे कुणी सहजासहजी उघडायला नको. आणि मी इतकी वर्षं मनात मांडत बसले, काय काय गेलं असेल म्हणून! भरलेली पेटी गेली म्हणून रडले मी. भरलेली नव्हतीच.

कुलूपवाला : आता पाणी देऊ?

आत्या : दे. ...चादर मी नेते. पेटी तिला द्यायची. किल्ली कर तिची.

कुलूपवाला : किल्ली करायची तर मेण काढावं लागेल.

आत्या : काढ. तो अंगठा माझ्यासाठी होता. मी पाहिला.

कुलूपवाला : किल्ली एक करू की दोन?

आत्या : आलास मूळ पदावर! दुसरी कुणाला रे? तुला?

कुलूपवाला : सगळ्याच गिऱ्हाइकांना विचारतो, आत्या. सवय आहे.

आत्या : तुला काय वाटतं, किती कराव्यात?

कुलूपवाला : पेटी तिची होणार. मला काय वाटतं ते कशाला मध्ये? तिलाच विचारा.

आत्या : म्हणजे दाढेचंही सांगावं लागणार.

कुलूपवाला : ते तर लागणारच.

आत्या : लाव मग. तुझ्या फोनवरून लाव, माझा नंबर बघून आधी दाढच विचारत बसेल. आणि आवाज मोठा ठेव, मला कमी ऐकू येतं.

भाची : हं, बोल. पटकन बोल, आत जायचंय मला.

आत्या : मी आहे.

भाची : आत्या? तू त्याच्या दुकानात आहेस? दाढ काढायला कुलूपवाल्याकडे गेलीस?

आत्या : ओरडायचं ते संध्याकाळी ओरड. चौकशी करायला आले होते, झाली करून. मुलगा संशयी आहे, हट्टी आहे, वडीलधाऱ्यांचं एक अक्षर ऐकत नाही.

भाची : म्हणजे तू नाही म्हणतेयस.

आत्या : म्हणजे मी हो म्हणतेय. मध्ये बोलू नकोस, ऐक. माझी ती पेटी उघडली आज. तुला नको असेल तर नको, जबरदस्ती नाही. हवी असेल तर तुझी. काय ठेवायचं ते तू ठरव, कुणी विचारणार नाही. मीसुद्धा नाही. एवढंच सांग, किल्ली एक करायची की दोन?

भाची : तीच पेटी? जिची किल्ली तुला कधी मिळाली नाही?

आत्या : तीच. एकच सांगू ना याला?

भाची : दोन कर. एक तुझ्याकडे राहू दे.