दुधावर लक्ष

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय नगराध्यक्ष, व्यासपीठावरचे शांतिसेनेचे साहेब, समोर बसलेले त्यांचे जवान, आपल्या दुभाषीबाई, आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

निरोपाचे चार शब्द मी बोलावेत, असं समितीनं ठरवलं. कारण काय, तर प्राथमिक शाळेत शिकवून माझा आवाज मोठा झालाय आणि इथल्या माईकचा काही भरवसा नाही. दुभाषीबाई, वाक्य संपलं की मी थांबेन. तुम्ही सावकाश सांगा.

साहेब, उद्या तुम्ही निघणार. नेमून दिलेली कामं पूर्ण झाली, असं पत्रक परवा लागलं. खरंच आहे ते. शाळेच्या मैदानातले सुरुंग तुम्ही काढलेत. आता तिथे मुलं पडतात, ती नुसते गुडघे फोडून घेतात. घराघरांतली हत्यारं गोळा केलीत. आमच्या शेजारच्या काकांनी वडिलांची गंजकी बंदूक आणून दिली आणि पावती मिळेपर्यंत जागचे हलले नाहीत. हसा, काका स्वतःही हसताहेत. मतदानाला म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोबत केलीत. या सगळ्याचे आभार मी अगदी मनापासून मानते.

आणखी एक काम होतं. तेही तुम्ही चोख केलंत. पहिली सभा याच सभागृहात झाली. तुम्ही बोललात आणि बाईंनी आम्हाला सांगितलं, "पुलावर चौकी बसेल. साहेबांची माणसं लक्ष ठेवतील." बाई, मान खाली घालू नका. साहेबांच्या शब्दाला दुसरा शब्द तरी कुठून आणणार होतात?

पण साहेब, आमच्याकडे शेजारीण शेजारणीला म्हणते, "जरा दुधावर लक्ष ठेव हं, मी आलेच." म्हणजे काय करायचं? दूध उतू जाताना बघायचं, आणि ती आली की किती सांडलं ते सांगायचं? गॅस बंद करायचा असतो हो. ते वेगळं सांगावं लागत नाही.

माझा दादा पाणीपुरवठ्यात पंप दुरुस्त करायचा. पंपघर पुलाच्या पलीकडे, कुणाच्याच नसलेल्या पट्ट्यात. पंप बंद पडला आणि दोन्ही काठांचे नळ कोरडे झाले. जायला कुणी तयार होईना. वहिनी म्हणाली, "तुम्हीच का?" दादा म्हणाला, "अगं, चौकी समोरच आहे. ते लक्ष ठेवून आहेत ना. तू चहा टाक, आलोच."

भर दुपारी एक गाडी आली आणि दादाला घेऊन गेली. चौकीवरच्या जवानानं दुर्बिणीतून सगळं पाहिलं आणि तत्काळ वर कळवलं. गाडीचा रंग, आतली माणसं, दादाच्या हातातला पाना, सगळं बरोबर. खाली उतरायचं काम त्याला दिलेलं नव्हतं. कुणालाच दिलेलं नसावं. लोक मला विचारतात, राग येत नाही का? नाही येत. रडूही येत नाही. वर्गात पाढे म्हणून घेते आणि घरी जाते.

तो जवान आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्या दिवसानंतर अधूनमधून आमच्या दारात येऊन उभा राहायचा. भाषा येत नाही, बोलणार काय? वहिनी त्याला पाणी द्यायची. नळाला पाणी आहे आता. दादानं पंप चालू केला होता, गाडी त्यानंतर आली.

साहेब, वहिनीनं एक निरोप दिलाय. तुमच्या बैठकीत तुम्ही पलीकडच्या काठावरच्यांना दर वेळी विचारत होतात, तो माणूस कुठे आहे? उत्तर कधी आलं नाही, पण प्रश्न तरी जात होता. आमचा प्रश्न पूल ओलांडत नाही. उद्यापासून विचारणार कोण? म्हणून आज संध्याकाळी, सामान बांधायच्या आधी, एकदा विचारा. नेमून दिलेलं काम म्हणून नको. शेजारी म्हणून विचारा.

समितीनं बोलायची संधी दिली, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, दुभाषीबाईंनी माझं जड बोलणं उचललं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक बोललं गेलं असेल, तर मास्तरणीची सवय म्हणून पोटात घाला. जेवणाला मात्र मला थांबता येणार नाही. घरी वहिनी एकटी आहे. ती गॅसवर दूध ठेवते, समोर उभी राहते, आणि उतू जाताना नुसती बघत राहते.

नमस्कार.