विहिरीत उतरण्याआधी काढलेल्या बुटांबाबत

दिनांक २६ एप्रिल २०१६

नाव वत्सलाबाई मुंजाजी ओव्हाळ, वय ३६ वर्षे, धंदा ऊसतोड मजुरी, शिक्षण दहावी पास, राहणार पिंपळटेक, भीमनगर वस्ती, तालुका व जिल्हा बीड.

मी वर नाव लिहिलेली बाई आज ठाण्यात स्वतः येऊन सांगते की, मी सासू सरूबाई यांच्यासोबत वरील ठिकाणी राहते. माझे पती मुंजाजी व मी दरवर्षी कारखान्याला ऊसतोडीला जात असू. यंदा पाऊस नाही, ऊस नाही, त्यामुळे मुकादमाने टोळीच नेली नाही. आम्ही दिवाळीपासून घरी होतो. शुक्रवारी गावच्या पाण्याच्या विहिरीतून वर येताना मार लागून माझे पती मयत झाले. त्याबाबत हा जबाब आहे.

आधी कालची गोष्ट लिहून घ्या. काल गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे चेअरमन आबासाहेब आमच्या घरी आले. म्हणाले, "वत्सला, झालं ते लई वाईट झालं. पण ठाण्यात एवढंच सांग, तो आपल्या मनानं उतरला. न्हाईतर पंपाला सील लागंल अन् ऐन दुष्काळात गाव तहानेनं मरंल. तुमच्या वस्तीचा नळबी त्याच विहिरीवर हाय." सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, ते पिऊन गेले.

माझे पती कधीच आपल्या मनानं काही करत नसत. जे करत ते पुस्तकात बघून करत. हे पुस्तक त्यांना दोन वर्षांमागं चौसाळ्याच्या बाजारात भज्याच्या गाड्यावर मिळालं. डोंगर कसा चढायचा, दोर कसा बांधायचा, रानात कसं राहायचं, असं सगळं त्यात आहे. उशीएवढं जाड आहे. पुढची पानं भज्यांना गेली होती, म्हणून पुस्तकाचं नाव मला सांगता येणार नाही. मुंजाजींना अक्षरं जुळवून वाचावं लागे, म्हणून मी वाचायची अन् ते करायचे. खाटेच्या पायाला, म्हशीच्या खुंट्याला, दाराच्या कडीला गाठी. सासूबाई म्हणायच्या, "आता मलाबी बांधून ठिवा एकदाचं." बर्फाचा धडा आला तेव्हा मी म्हणाले, हे सोडू, आपल्याकडं प्यायला पाणी न्हाई अन् बर्फ कुठला? ते म्हणाले, "कावून सोडायचं? लिवणाऱ्यानं उगं लिवलं न्हाई." त्यामुळे बर्फाचा कडा अंगावर आला तर हात कसे चालवायचे हे आम्हा दोघांना पाठ आहे.

गावाच्या मागे बालाघाटाचा कडा आहे, तिथं आम्ही शिकत होतो. ते उतरायचे, मी वरून दुसरा दोर धरायची. तो दोर झाडाला वेढा देऊन धरायचा, उतरणाऱ्याचा पाय सुटला तर त्यानं तोलायचं. पोरं हसायची. "हिमालयात चाललास का बे मुंजा?" असं म्हणायची. मागल्या पोळ्याला हरिबाची शेळी कड्याच्या कपारीत अडकली, ती यांनी खांद्यावर बांधून वर आणली. तेव्हापासून हसणं कमी झालं. रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट त्यांनी त्याच कामासाठी घेतले होते. पुस्तकात पायाचा धडा सगळ्यात मोठा आहे. दगडावर अनवाणी उतरू नये, असं त्यात जाड अक्षरात आहे.

गुरुवारी संस्थेचे सेक्रेटरी गहिनीनाथ घरी आले. विहिरीतल्या पंपाच्या पाइपाच्या तोंडात काहीतरी अडकलं होतं. पाणी तळाला आहे पण पंप ओढत नव्हता. उतरायच्या लोखंडी पायऱ्या गंजून तुटल्या आहेत, भिंतीत नुसते खुंट राहिलेत. आठ दिवस नळ नाही, टँकर येईना. गहिनीनाथ म्हणाले, "चेअरमनसायबांनी बोलावलंय. तुझं ते पुस्तकातलं दाखव आता." मुंजाजी म्हणाले, जुना नाडा चालणार नाही, नवीन दोर पाहिजेत. संस्थेनं बीडहून दोन नवीन दोर आणले. आपल्या मनानं उतरणाऱ्या माणसाला कुणी दोर आणून देतं का, हे मी आबासाहेबांना विचारायला पाहिजे होतं. त्या वेळी सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही विहिरीवर गेलो. गाव जमलं होतं. दुसरा दोर गडी माणसानं धरावा असं गहिनीनाथ म्हणाले. मुंजाजी म्हणाले, "दोर तीच धरणार. पुस्तक तिनं वाचलंय." डोक्यावर वस्तीतल्या सिदूचं मोटरसायकलीचं हेल्मेट घातलं. कंबर अन् मांड्या बांधल्या, मी गाठी तपासल्या. ते कठड्यावर बसले तेव्हा गावातल्या चतुराबाई म्हणाल्या, "अगं बाई, पेयाचं पाणी हाय अन् ह्यो बूट घालून उतरतो व्हय?" आबासाहेब म्हणाले, "काढ बाबा बूट, उगं वाद नको."

मी म्हणाले, काढू नका, पुस्तकात जाड अक्षरात आहे. मुंजाजींनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "लिवणाऱ्याला आपलं गाव म्हाईत न्हाई." अन् बूट काढले.

हवालदारसाहेबांनी मला विचारलं की, जातीवरून कुणी काही बोललं का. नाही. कुणी बोललं नाही. बोलायची गरज पडली नाही. मागल्या साली हाच पंप बसवायला बीडचा मिस्त्री आला होता. तो याच विहिरीत बूट घालून उतरला, पाण्यात उभा राहिला. वर आल्यावर चतुराबाईंनीच त्याला चहा दिला. मी तिथं घमेली उचलायला होते, डोळ्यांनी बघितलं. आमच्या वस्तीला या विहिरीचा नळ आला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. ते मुंजाजींना माहीत होतं अन् मलाही होतं. हे असंच लिहा, तुमच्या भाषेत करू नका.

खाली जाऊन त्यांनी पाइपाचं तोंड मोकळं केलं. प्लास्टिकची पिशवी होती. ती वर दाखवली, तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग चौघं गडी मोठा दोर ओढू लागले अन् ते भिंतीला पाय देत वर येऊ लागले. मी कडुलिंबाला वेढा देऊन दुसरा दोर घेत होते. अर्ध्यावर त्यांचा पाय तुटक्या पायरीच्या खुंटावर पडला. तळवा फाटला. ते ओरडले अन् पाय झटकला, तोल गेला, अन् झोका खाऊन छातीच्या बाजूनं पाइपाच्या लोखंडी पट्टीवर आदळले. गड्यांच्या हातून मोठा दोर निसटला. माझ्या दोराला झटका बसला. मी सोडला नाही. त्यांचं सगळं वजन माझ्या दोरावर होतं. गड्यांनी पुन्हा दोर धरेपर्यंत मी धरून होते. माझ्या तळहातांची सालं निघाली आहेत, ती पंचनाम्यात नाहीत.

वर घेतलं तेव्हा ते बोलत होते. म्हणाले, "गाठ बघ, सुटली का?" मी म्हणाले, न्हाई. म्हणाले, "मग बरं." जीपमध्ये घालून बीडला निघालो. चौसाळ्याच्या पुढं त्यांचं बोलणं थांबलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला काही नाही, बरगड्या आत गेल्या. उजव्या तळव्याला जखम आहे, ती कशाची असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

शनिवारी प्रेत गावात आणलं तेव्हा नळ चालू होता. आदल्या संध्याकाळीच पंप लावला होता म्हणे. विहीर उपसावी असं कुणी म्हणालं नाही, उपसून टाकायला पाणी कुठं आहे? सगळ्या गावानं भरलं. सासूबाईंनी विचारलं, "आंघुळीला पाणी कुठलं घ्यायचं?" मी त्याच नळाखाली हंडा लावला. मुंजाजींना त्याच पाण्यानं अंघोळ घातली. मला रडू आलं नाही, अजून आलेलं नाही.

मला चतुराबाईंचा राग येत नाही, त्यांना तेवढंच ठाऊक आहे. आबासाहेबांचा येतो. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, मिस्त्रीचे बूटही अन् यांचेही. दोर चांगला होता, गाठी चांगल्या होत्या, माझ्या माणसाच्या शिकण्यात कसूर नव्हती.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात शेवटी "मयत हा स्वतःच्या मर्जीने विहिरीत उतरला असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" अशी ओळ होती. मी ती सांगितलेली नाही. विचारलं तर म्हणाले, सगळ्याच जबाबात असते. मी ती खोडायला लावली. पंपाला सील लागलं तर गावाबरोबर आमच्याही घरचा नळ बंद होईल, याची मला जाणीव आहे, असंही लिहावं लागेल असं ते म्हणाले, ते लिहिलं आहे. ते खरं आहे. खोडल्या ओळीच्या जागी माझ्या सांगण्यावरून असं लिहिलं: मयतास संस्थेने बोलावून उतरवले, त्याच्या पायात बूट होते, ते काढायला लावले. पुन्हा वाचून घेतलं, माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

समक्ष सही: वत्सला मुंजाजी ओव्हाळ
(उजव्या हाताला पट्टी असल्याने सही डाव्या हाताने केली आहे.)