आजीनं घेतलेली तोंडी परीक्षा

आजी : ...खाली काहून पाहून राहिली? सारवणात उत्तर लिवलं आहे का? वर पाह्य. मी आता तुझी आजी नाही, नागपूरचा मोठा डाक्टर आहो. कोट दिसत नाही तुले?

ललिता : आजी, हा आजोबांचा लग्नातला कोट आहे. डांबरगोळ्यांचा वास येतोय त्याला.

आजी : आजी कोण? सर म्हण.

ललिता : सर, मला हसू येतंय.

आजी : हास. पण उत्तर देऊन हास. मागच्या दोन खेपेले काय केलं तू? साहेबानं विचारलं, अन तू खांबावानी उभी. सारं येते पोट्टीले, पुस्तकंच्या पुस्तकं पाठ, अन मोठ्या माणसापुढं नेली का दातखीळ बसते. हे कोणाच्या वळणावर गेलं वं केशर?

केशर : माझ्याच जी, आत्याबाई. तुमच्या घरी नांदून कोणाची बोलाची पाळी येते?

आजी : पाह्य, सून बोलली! तांदूळ निवड चुपचाप.

केशर : निवडूनच राहिली. लले, ध्यान देऊन सांग माय. तुझ्या बाबानं साफ म्हटलं, सोमवारच्या तोंडी परीक्षेत पुन्हा नापास झाली त बिस्तरा घेऊन घरी सानगडीले ये. डाक्टरकी पुरे.

ललिता : माहीत आहे, आई. पण तिथे तोंडच कोरडं पडतं गं. ते चष्म्यावरून असे बघतात ना...

आजी : चष्म्यावरून? थांब. केशर, हिच्या बापाचा, तुलारामचा चष्मा दे मले. हां. आता काहीच दिसत नाही, म्हणजे पक्का साहेब झालो. सांग, रक्त कुठं बनते?

ललिता : हाडांच्या आत, मज्जेत. छातीचं हाड, कमरेचं हाड, तिथे.

आजी : अन मी इतके वर्ष पोटाले खाऊ घालून राहिली. पुढं?

ललिता : रक्तात तीन तऱ्हेच्या पेशी असतात. तांबड्या, त्या श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतात. पांढऱ्या, त्या रोगाशी लढतात. आणि प्लेटलेट, म्हणजे अगदी बारीक चकत्या. जखम झाली की त्या तिथे जाऊन रक्त थांबवतात.

आजी : हमाल, शिपाई अन गवंडी. समजलं. अन रक्ताचा कॅन्सर म्हणते तो काय?

ललिता : ल्युकेमिया. सर, तुमच्या बांधीत धानासंगं करगा उगवतो ना?

आजी : साहेबालेच उलटा सवाल? बरं. उगवते. धानावानीच दिसते मेला. लोंब आल्याबिगर ओळखू येत नाही, अन तोवर सारं खत खाऊन बसते.

ललिता : तसंच होतं. मज्जेत कच्च्या पांढऱ्या पेशींचा करगा माजतो. दिसायला शिपाई, पण लढत एकही नाही. आणि त्या गर्दीत तांबड्यांना अन चकत्यांना जागा उरत नाही. म्हणून रोगी पांढराफटक पडतो, हिरड्यांतून रक्त येतं, ताप हटत नाही.

केशर : तुमच्या भावकीवानीच झालं हे, आत्याबाई. पंगतीले सारे, धानाच्या रोवणीले कोणी नाही.

आजी : माझ्या भावकीचं नाव घेतलं त पाहजो! लले, दवा सांग.

ललिता : बऱ्याच आहेत. एक व्हिनक्रिस्टिन. सुईनं शिरेत देतात. सदाफुलीपासून बनवतात ते.

आजी : कोणती सदाफुली? आपल्या गोठ्यामागची? जिले बकरी तोंड लावत नाही?

ललिता : तीच. एका पेशीच्या दोन व्हायला लागल्या की हे औषध मधेच अडवतं. पण अशा औषधांना धान कोणतं अन करगा कोणता ते कळत नाही, सर. जे भराभर वाढतं, त्याच्यावर पडतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं. मग थोडं थांबायचं, धानाला डोकं वर काढू द्यायचं, अन पुन्हा द्यायचं.

आजी : म्हणजे आपण घरीच काढा करून पाजला त...

ललिता : मुळीच नाही! विष आहे ते. डॉक्टरांनी मापून द्यायचं, तेही शिरेतच.

आजी : अवं, कशी कडकडली! अशी कडकड सोमवारी. चाल, तोंडी झाली. आता रोगी पाह्य.

ललिता : रोगी कुठून आणू?

आजी : मीच रोगी. सर बी मीच. नागपूरवाल्याईले जमणार नाही असं.

ललिता : मग कोट?

आजी : कोट राहू दे. रोग्याले थंडी वाजून राहिली असं समज.

ललिता : बरं. चष्मा काढा, सर. खालची पापणी ओढते हं. ...आजी, जरा उजेडाकडे सरक.

आजी : सर, सरका म्हण.

ललिता : सरक ना! ...आता हात दे. नखं. आई, इकडे ये. ही नखं बघ, मधे खोल गेलीत, चमच्यासारखी. पाण्याचा थेंब ठेवला तर राहील त्यात.

केशर : थांब, ठेवून पाहतो. ...राहिला! आत्याबाई, तुमच्या नखात तलाव झाला. मासोळ्या सोडा आता.

आजी : भांडे घासून घासून झिजले ते.

केशर : भांडे? तुम्ही?

आजी : आधीच्या काळचे भांडे म्हणून राहिली मी.

ललिता : जीभ बाहेर काढ.

केशर : तुले मुद्दाम कायले पाहा लागते वं? आम्ही त रोजच पाहतो.

ललिता : आई, हसू नको ना. जीभ बघ, सपाट झाली आहे. बारीक दाणे दिसायला हवेत, एक नाही.

केशर : धार लावून लावून गुळगुळीत झाली असंल.

आजी : अंआं अं...

ललिता : घे आत. तलावाच्या पाळीवर चढताना दम लागतो?

आजी : पाळ उंच झाली आहे आता.

ललिता : पाळ कशी उंच होईल? ...आजी, एक विचारते, रागावू नको. तू माती खातेस का?

आजी : काय? मी? मी माती खातो? घरात धानानं ढोली भरली आहे अन मी माती खाऊ? हेच शिकवते का तुले नागपूरले?

ललिता : पुस्तकात आहे. रक्तातलं लोह कमी झालं की माणसाला भलतंच खावंसं वाटतं. माती, कोळसा, कच्चे तांदूळ.

आजी : आग लागो तुझ्या पुस्तकाले.

केशर : लले... ते भिंत.

आजी : केशर, चुलीवर पाह्य, काही जळून राहिलं.

केशर : चूल पेटलीच नाही आज. लले, आत्याबाईच्या बाजेच्या उशाची भिंत. मी पांढऱ्या मातीनं गुळगुळीत सारवतो, अन आठ दिवस जात नाही का खळगा पडते. दोन महिने मलेच ऐकवून राहिल्या. म्हणे हात चालत नाही तुझा, म्हणे उंदीर शिरले.

आजी : उंदीरच आहेत.

केशर : उंदीर नखानं खरवडते का जी? अन मग पदरानं तोंड पुसते?

आजी : ...थोडीशीच. जिभेवर ठेवल्यापुरती. ओली असली का लय गोड लागते वं.

(केशर तांदळाचं सूप बाजूला ठेवून हसत सुटते. मग ललिता. शेवटी आजीही, सगळ्यात मोठ्यानं.)

केशर : अन मी काल उंदरासाठी पिंजरा मांगून आणला, शेजारच्या निर्मलाबाईच्या घरून!

आजी : वापस कर. अन गावात एक शब्द गेला त दोघीचं काही खरं नाही. लले, गोळी सांग अन मोकळी हो.

ललिता : लोहाच्या गोळ्या देईन. काळं होईल शौचाला, घाबरायचं नाही. पण नुसत्या गोळीनं भागणार नाही. रक्त कुठे जातंय, ते शोधायला हवं.

आजी : कुठं जाईल? अंगातच आहे.

ललिता : तू रोवणीला अनवाणी चिखलात उतरतेस. तळपायातून बारीक जंत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. ते असले तर सोपं आहे. पण तेच असतील असं नाही. पोटात आत कुठे तरी जखम, गाठ असेल, तिथून झिरपत असेल. तुझ्या वयाला ते बघावंच लागतं. रक्त तपासायचं, शौच तपासायचं. सोमवारी तूही चल नागपूरला.

आजी : म्हणजे ते डबीत भरून यष्टीत बसू मी? साकोलीच्या स्टँडवर कोणी विचारलं, रुखमाबाई, डबीत काय आहे जी, त काय म्हणू, परसाद?

केशर : नका म्हणू. हात पुढं करंल कोणी.

आजी : तू हास. मी जात नाही. ह्या घरात मले जा म्हणणारं अजून जन्मले यायचं आहे. तुलारामले विचार, कधी मान वर करून...

ललिता : आजी, गप!

केशर : अवं माय.

ललिता : गप बस! रक्ताचं पाणी होऊन राहिलं तुझं, अन मिजास करून राहिली? मले काही ऐकाचं नाही. डबी मी धरीन, डोक्यावर घेऊन जाईन, साऱ्या साकोलीले दाखवीन. तू रोगी आहेस अन मी सांगतो ते होईल. कोट काढ!

केशर : ...आत्याबाई, तुम्हाले गप म्हटलं हिनं. अन घर उभंच आहे.

आजी : ऐकलं मी. ...बटन काढ वं केशर.

केशर : या. हात इकडे करा.

आजी : लले, गाठ म्हटली तू. मोठा रोग असंल का?

ललिता : माहीत नाही, आजी.

आजी : इतकं शिकून माहीत नाही म्हणतेस?

ललिता : हो. तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. खोटं कशाला सांगू?

आजी : मग त्या साहेबासमोर असंच काहून नाही म्हटलं?

ललिता : भीती वाटायची.

आजी : अन आता माझ्या तोंडावर म्हटलं ते?

ललिता : आता जास्तच वाटली. पण म्हटलं.

आजी : हं. ...केशर, माझं निळं लुगडं काढून ठेवजो सोमवारले. अन लले, एक सांगतो. तपासून जे निघंल, ते आधी मले सांगजो. तुझ्या बापाले मागून.

ललिता : आधी तुला.