महांतेशनं बांधलेलं इंजिन

२००३ साल. जयसिंगपूरहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

“पंधरा वर्सं वापरलेली स्पोर्ट्स कार घिऊन या वयात रेस लावायचीय व्हय, निलव्वा?”

“तिचं इंजिन आपल्या महांतेशनं बांधलंय.”

“म्हाईत हाय. पन दोनच मानसं बसत्यात तिच्यात.”

“पोरगं गेलं. घरात तिसरं कोन हाय वो आता?”

“आन बंद पडली तर? मिस्त्री इंजिन खोलंलच की.”

“आपल्या दारात बंद पडू दे. खोलायचं न्हाय. पोरानं आवळलेलं नट हायत ते, दुसऱ्याच्या हातानं सुटाय नगोत.”

पंचगंगेचा पूल मागं पडला, तसा म्हातारा पायाशी ठेवलेली पिशवी उचलू लागला.

“मग गाडीच्या मालकाकडं चावी तूच माग, निलव्वा. माझ्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय.”