बारा फेऱ्यांची रेकार्ड

न्हाई, तुमीच सांगा, चार वर्सं पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट फुंकून आल्याला माणूस मी, इटलीत गोऱ्यांच्या मांडीला मांडी लावून वाजीवल्यालं, आन् मला कराडात येऊन शिकवायचं कुणी, तर आप्पासो मास्तरांनी, आन् ते बी काय, तर ओठ सैल सोडून रडक्या पोरावानी सुरानं खाली कसं घसरायचं! तुमास्नी सांगतो, मास्तर म्हंजी देवमाणूस. सातारा-सांगलीत त्येंच्या बँडाबिगर अक्षता पडत न्हाईत, मला पयली फुंकर मारायला त्येंनीच शिकीवली. पर एकदा हट्टाला पेटले की झालं...

पुण्याच्या जुन्या बाजारात त्येंना विलायती ऑर्केस्ट्राची रेकार्ड गावली. शंभर माणसं एकदम वाजवत्यात, गाणारं कुणी न्हाई. घरात चावीचा ग्रामोफोन, पर त्येची स्प्रिंग मागं एकदा तुटल्याली आन् लढाईच्या दिसांत दुसरी मिळता मिळंना, म्हणून तवापास्नं मास्तरांचा नेम, चावी बारा फेऱ्या, तेरावी न्हाई. आपल्या गाण्यांच्या रेकार्डी ल्हान, बारा फेऱ्यांत उरकत्यात. ही परातीएवढी! निम्म्यातच दम संपणार का न्हाई? पेटीच्या काळी दोनमधी झ्याक दुडक्या चालीनं निघायची, आन् मधीच... पांढरी दोन... काळी एक... पांढरी एक... शंभरच्या शंभर माणसं हिरीत उतरायची.

आन् मास्तर? डोळं मिटून, मान डोलवत, डोळ्याला धारा!

मी म्हणलं, "मास्तर, मी तिकडं ऐकलंय हे. सरळ नाचाचं हाय, मधी पडत न्हाई."

तर म्हणले, "रेकार्ड कवा खोटं बोलत न्हाई, दादासो. छापल्यालं हाय ते."

"आवं पर मास्तर, ही चाल हळू हुतीया, सूर उतरतोय..."

"उतरणारच. पोरगी सासरी निघाली की आईचा सूर उतरत न्हाई व्हय? आन् मग परत वर चढतोय बघ, पोरगी तिकडं रमली. गोऱ्यांस्नी बी लेकी असत्यात रं."

आता सूर परत वर चढतोय कसा, ते मी एक दिस बगितलं. मास्तरांच्या मंडळी, हरणामावशी, चुलीपाशी भाकऱ्या थापत्यात. मशीन मरायला लागली की कान टवकारायच्या, तव्यावरची भाकरी उलथायच्या, पीठ पुसायच्या, आन् मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांम्होरनं दबकत येऊन वाजत्या मशीनला गुपचूप चावी द्यायच्या. मला बगून ओठावर बोट.

भाईर नेऊन मला म्हणत्यात कशा, "गप ऱ्हा गड्या. बारांत भागत न्हाई कळलं तर स्प्रिंगला जपायला म्हणून मशीन कापडात गुंडाळून ठेवतील, माळ्यावर. आन् ह्या वयात त्येंना दुसरं काय हाय?" मी शबूद दिला.

म्हंजी बगा, त्या शंभर गोऱ्यांचं रडणं किती लांबायचं, तर एक भाकरी भाजंस्तवर! आन् तेवढंच, मोजून तेवढंच, आमी दोन म्हैनं तालमीत बशीवलं. बिराप्पाचा थोरला बाजा, त्यो काय घसरतोय? त्यो बिचारा मधी नुसता श्वास धरून लालबुंद. ढोलवाला तर म्हणला, मला झोप येती. तर मास्तर, "रेकार्ड कवा खोटं बोलत न्हाई!" झालं, घसरा परत.

आन् हे वाजवायचं कुटं? सांगलीत, विश्रामबागेत, सुभेदार लालासाहेबांच्या लेकीच्या पाठवणीला. सुभेदार कुटल्या पलटणीतलं? इटलीतलं! त्यो माणूस हे वळखणार, भर मांडवात हासणार, आन् मास्तरांनी चाळीस वर्सं कमावल्यालं नाव एका भाकरीपायी जाणार. मावशीला दिल्याला शबूद मोडावा का मास्तरांचं नाव जाऊ द्यावं, तुमीच सांगा. मी काय केलं? क्लॅरिनेटची पत्ती वली केली आन् रांगेत उभा ऱ्हायलो.

पोरगी उंबऱ्याभाईर आली. मास्तरांनी हात वर केला. निघालो दुडक्या चालीनं, काळी दोन, पोरं नाचाय लागली, सुभेदार मिशीत हासलं, वळखलं त्येंनी, मी बगितलं. आन् मग आली ती जागा. ओठ सोडलं... सूर उतरला... ढोल थांबत थांबत... बिराप्पा लालबुंद... आन् तुमास्नी सांगतो, सगळा मांडव गार. पोरगी चालता चालता थांबली आन् माघारी फिरून आईच्या, रंगुबाईंच्या, गळ्यात पडली. बाया रडाय लागल्या, बापय फेट्याच्या शेमल्यानं डोळं टिपाय लागलं. मग सूर चढला तशी पोरगी डोळं पुसून गाडीत बसली, मास्तरांनी सांगितल्यालं तस्सं. मला म्होरचं दिसंना, मी बी रडतोय की!

सांजच्याला सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. म्हणले, "हे तिकडं ऐकलंय मी. त्यात ही जागा न्हवती."

मी मान खाली घातली. "व्हय जी."

सुभेदारांनी गाडी गेल्याल्या रस्त्याकडं बगितलं, आन् म्हणले, "मग गोऱ्यांचीच ऱ्हाऊन गेली असंल."

संपलं! मी तोंड उघडायची सोय ऱ्हायली न्हाई. आता म्हसवडपास्नं मिरजंपतुर जो सुपारी द्यायला येतोय त्यो म्हणतोय, ती रडायची जागा गाळायची न्हाई. परवा मी धीर करून मास्तरांस्नी दुकानातल्या नव्या मशीनवर तीच रेकार्ड सबंद ऐकवली, एका दमात, न पडता. मास्तरांनी शेवटपतुर ऐकली आन् हळहळले, "चांगली रेकार्ड हुती रं, ह्या मशीननं खराब केली."

आन् आता वैशाखात माझं लगीन हाय. मास्तर येऊन म्हणले, "तू माझा हातचा माणूस, दादासो. तुझ्या लग्नात दोन भाकऱ्यांएवढं रडू." मी दचकून बगितलं, भाकरीचं मी कवा बोललो न्हवतो, तर म्हातारा गालात हासतोय, आन् मागं मावशी पदरानं त्वांड झाकून उभ्या!