भंडारा लागल्यानंतरचं बोलणं

मंडळी, ऐका. एक विचारतो, देवाला स्मरून उत्तर द्या. घासाघीस करणं पाप आहे का? माना का खाली घातल्या? मेथीच्या जुडीसाठी बाजारात तासभर भांडता, ते मी बघत नाही होय! नाही, घासाघीस पाप नाही. मग ठरलेलं पुन्हा उकरून काढणं? माणसं तीच, जिन्नस तोच, बोलणी तशीच — फरक कशात? एका माणसाला तो शेताच्या बांधावर कळला. त्याचीच गोष्ट.

कृष्णाकाठी बाजीतात्या म्हणून शेतकरी होता. काळी जमीन, भरलं घर. माणूस वाईट नव्हता हो, पण घासाघिशीत भारी पक्का! सुगी सरली की माणदेशातून मायाप्पा धनगर मेंढरं घेऊन यायचा. मेंढरं रात्री शेतात बसवायची, लेंड्यांचं खत जमिनीला, बदल्यात धनगराला धान्य. जुनी रीत.

"तीन पोती जोंधळा द्या, तात्या."

"तीन? मेंढरं बसवतोस का हत्ती? एक देतो."

मायाप्पा हसला. घोंगडी झटकली, उठला. "मग येतो. पलीकडचे पाटील कवाधरनं बोलवत्यात." निघाला की बांध ओलांडून! तात्यांची धांदल. "अरं, बस की! रागावतोस काय लगेच?" शेवटी दोनवर आले. मायाप्पानं कमरेची पिशवी सोडली आणि बिरोबाचा भंडारा दोघांच्या कपाळी लावला. भंडारा लागला की बोलणं संपलं. कागद नाही, साक्षीदार नाही. पिवळं कपाळ, बस्स.

वाघर लागली — वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. मेंढरं आत बसली, शेजारी मायाप्पाचं कापडी पाल उभं राहिलं. आणि दोन दिवसांनी सकाळीच मायाप्पाच्या बायकोला, जानकाला, कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते! तात्यांची बायको गंगूकाकी धावत पालात शिरली. बाहेर मायाप्पा, हातात काठी, नजर पालावर.

तात्या बांधावर बसले होते. वाईट वाटत होतं त्यांना, खोटं कशाला बोलू? पण सवय बघा माणसाची! डोक्यात किडा वळवळला. आता हा कुठं जातोय? कुठला पाटील नि काय!

तात्या खाकरले. "मायाप्पा, आता मुक्काम लांबणार तुझा. पाणी माझं, जागा माझी. जरा पुन्हा बोलू. एकच पोतं देतो."

मायाप्पानं मान वळवली नाही. "द्या तात्या. तुमच्या मनाला येईल ते."

झालं! जिंकले तात्या! खूश व्हायला हवं की नाही? पण ते वाट बघत राहिले. हा हसेल, घोंगडी झटकेल, उठेल. मायाप्पा जागचा हलला नाही. तेव्हा तात्यांच्या काळजात लख्खकन उजाडलं. परवा हा उठून जाऊ शकत होता, म्हणून त्याच्या 'हो'ला किंमत होती. आज त्याला उठताच येत नाही. हे 'हो' त्यानं दिलंच नाही, मी काढून घेतलं!

हसू नका मंडळी. नवसाला पाच नारळ बोलता आणि पोरगा पास झाला की एकावर भागवता. देव काय देव्हाऱ्यातनं उठून जातोय!

तेवढ्यात पालात बाळ रडलं. गंगूकाकी बाहेर आली, पदरानं घाम पुसत. "पोरगी झाली. दोघी खुशाल हायत." मायाप्पानं काठी खाली ठेवली आणि बिरोबाला हात जोडले.

तात्या त्याच्याजवळ गेले. "मघाचं बोलणं मी माघारी घेतो. दोन पोतीच."

"पर तात्या, मुक्काम खरंच लांबणार. तुमचंबी खरं हाय की."

"असंल खरं. पण ते आज बोलायचं नाही. जानका उठू दे, वाघर सोड, घोड्यावर सामान चढव. तू निघायला मोकळा झालास की मग बोलू."

आणि तसंच झालं. जानका हिंडूफिरू लागली, घोडं लादलं, आणि मायाप्पा बांधावर येऊन म्हणतो, "तात्या, खत जादा पडलं. तीन पोती!" तात्या इतके हसले! "तीन? आणि बाळंतिणीचं तूप काय आभाळातनं पडलं?" पोटभर भांडले दोघं. अडीचवर आले. भंडारा पुन्हा लागला, आणि चिमूटभर पोरीच्या कपाळालाही.

ठरलेलं बदलूच नये, असं मी म्हणत नाही. दिवस बदलतात, ओझी बदलतात, पुन्हा बोलावं लागतं. फक्त आधी बघा, समोरच्याला उठून जाता येतंय का?

तुमच्या वडिलांनी घर तुमच्या नावावर करून दिलं, तेव्हा काय ठरलं होतं? शेवटपर्यंत सांभाळू म्हणालात ना? आणि आता माडीवरची खोली सोडा, पडवीत झोपा, दुपारचा चहा बंद करू का — रोज नवी बोलणी! म्हातारा म्हणतो, "चालेल, बाळा." त्या 'चालेल'ला होकार समजू नका. त्याला आता जायला दुसरं घर नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वाजवा टाळ, घ्या देवाचं नाव. आणि घरी गेल्यावर आधी पडवीत जाऊन बसा.