लाल पट्टीच्या अलीकडं

आक्काबाई : आन् ही पिवळी पट्टी कुठवर न्हेलीस म्हणायची?

रणजीत : पलंगापासून बाथरूम, तिथून जेवणाचं टेबल. कंपनीत माणसांच्या वाटेला आम्ही अशीच चिकटवतो. वॉकर दोन पट्ट्यांच्या आतच. गुडघा बदलून आज सातवा दिवस, आई. पडलीस तर पुन्हा ऑपरेशन.

आक्काबाई : देवघरापुढं लाल का?

रणजीत : लाल म्हणजे प्रवेश बंद. तिथं उंबरा आहे, आत तुझा पाट. डॉक्टरांनी दोन महिने खाली बसायचं नाही म्हणून बजावलंय.

आक्काबाई : देवाला सांगितलंस का हे?

रणजीत : तक्ता बघ ना भिंतीवरचा! आठपर्यंत प्राजक्ता, आठ ते चार रंभाबाई. आंघोळ, जेवण, सगळं त्या बघणार. दहाला व्यायामवाली. चारनंतर मी. एक मिनिट मोकळा ठेवला नाही.

आक्काबाई : दिवा कुठं हाय त्यात?

रणजीत : दिवा?

आक्काबाई : सकाळच्या सहाचा. दवाखान्यात व्हते तवर देवाची माफी मागितली. आता घरात हाय. दिवा लागल्याबिगर पाण्याचा घोट घ्यायची न्हाई मी.

प्राजक्ता : आई, सातची गोळी उपाशीपोटी चालत नाही. उपमा गार होतोय.

आक्काबाई : होऊ दे.

रणजीत : मग प्राजक्ता लावेल की दिवा!

प्राजक्ता : मी? अहो, लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी वात जाड वळली म्हणून आईंनी मला देवघराबाहेर पाठवलं. अकरा वर्षं झाली. लाल पट्टी माझ्यासाठी होतीच, तुम्ही आज चिकटवलीत एवढंच.

रणजीत : मग देवच टेबलावर आणू का?

आक्काबाई : हात तर लावून बघ.

रणजीत : तुम्ही दोघी ठरवा बाबा. माझी चाकणची बस चुकेल.

(बाहेर हॉर्न. रणजीत जातो.)

आक्काबाई : प्राजक्ता, आंघोळ झाली न्हवं तुजी?

प्राजक्ता : पाचलाच.

आक्काबाई : मग ती उंच खुर्ची पट्टीच्या अलीकडं मांड. आन् मला धर.

प्राजक्ता : सावकाश. आधी वॉकर, मग पाय. हं, बसा.

आक्काबाई : जा आत. कापूस डाव्या डबीत हाय. बारीक वळ. आगं, बारीक! तेल किती ओतलंस? पदर सांभाळ.

प्राजक्ता : आई, दिवा मी लावतेय का तुम्ही?

आक्काबाई : ...लाव, लाव.

प्राजक्ता : लागला. दिसतो का तिथून?

आक्काबाई : दिसतो की. वात जाडच झाली.

प्राजक्ता : बदलू?

आक्काबाई : नगं. चांगला जळतोय. आण तो उपमा.

प्राजक्ता : आधी ही लाल पट्टी काढते. तुमचं सारखं तिकडंच लक्ष जातंय.

आक्काबाई : ऱ्हाऊ दे गं. काढलीस तर मी आत येईन, आन् तुला पुन्यांदा भायेर घालवीन.